कपाट बोलत नाही

दि. ६ फेब्रुवारी

प्रिय भावजींस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. तुम्ही, जाऊबाई आणि मुलं खुशाल असावीत हे देवाजवळचं रोजचं मागणं आहेच. माझं पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. सासूबाई गेल्यापासून वर्षाकाठी तुमचं दोन ओळींचं कार्ड येतं, माझं दोन ओळींचं जातं, यापलीकडे आपली मजल गेली नाही. आज चार ओळी जास्त लिहिते आहे, कारण काम तुमच्या धंद्यातलं आहे. रेडिओ दुरुस्त करणारं माणूस घरात असताना बाहेर कोणाला विचारणार?

तर झालं असं, की तुमच्या दादांनी एक यंत्र विकत घेतलं आहे. कारखान्याच्या फाटकासमोरचं चहाचं दुकान तुम्हाला आठवत असेल. मालक थकले, मुलाला त्यात रस नाही, दुकान मोडलं. टेबल-खुर्च्या, कपबश्या, सगळं विकायला काढलं, त्यात कोपऱ्यातलं ते गाण्याचं यंत्रही होतं. नाणं टाकायचं, बटण दाबायचं, की आतला हात तबकडी उचलून ठेवतो, ते. त्याला ज्यूकबॉक्स म्हणतात, पण आमच्याकडे त्याचं नाव गाण्याचं कपाट पडलं आहे.

हे भाजी आणायला गेले होते. परत आले ते हातगाडीवर कपाट घेऊन, आणि पिशवी रिकामी.

मी विचारलं, "हे काय?"

"कपाट."

"ते दिसतंय. कपडे मावतील का यात?"

"गाणी मावतात."

"आणि आपण कुठे मावायचं?"

हे तोवर हमालांना दार दाखवायला गेले होते. हमालांनी बाहेरचं दार बिजागरीतून काढलं तेव्हा कुठे ते आत आलं. तेव्हापासून दार नीट लागत नाही. हे म्हणतात, ते आधीपासूनच लागत नव्हतं. किंमत विचारू नका. मी ती वहीत घरदुरुस्ती या सदरात टाकली आहे. चौकट खरोखरच मोडली, तेव्हा अगदीच खोटं नाही.

आत उंदरांनी संसार थाटला होता. वायरी कुरतडलेल्या, रबराच्या चाकाचा दगड झालेला, रंगीत नळी फुटलेली. यांनी सगळं सुटं केलं. प्रत्येक जातीच्या स्क्रूला वेगळी वाटी लागते म्हणे. त्यामुळे घरात जेवायला वाटी उरलेली नाही, पातळ भाजी आम्ही कपात घेतो. पण एक सांगते, निवृत्त झाल्यापासून हा माणूस असा रमलेला मी पाहिला नव्हता. कपड्याच्या कारखान्यात जन्मभर माग दुरुस्त केले, आता घरात बसून करायचं काय? सकाळी उठून वर्तमानपत्राच्या घड्या घालायचे. तेवढ्यापुरतं कपाट घरात आलं ते बरंच झालं.

आता दिवे लागतात. तबकडी फिरते, हात खाली येतो, सुई टेकते. पण आवाज येत नाही, असं हे म्हणतात.

मी मॅट्रिक झालेली बाई, मला त्यातलं किती कळणार. यांनी आतलं आवाजाचं खोकं पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलेलं असतं. समोरच्या शिंपीणबाई दुपारच्या वेळी हल्ली खिडकी लावून घेतात, ठोकाठोकीचा त्रास होत असेल. संध्याकाळी माझंही डोकं ठणकतं.

तुम्ही एकदा येऊन पाहिलंत तर बरं होईल. नाहीच जमलं तर काय तपासायचं ते लिहा. पत्र लिहिल्याचं यांना सांगितलेलं नाही. तुमचं नाव घरात निघत नाही असं नाही, निघतं. पण ते कसं निघतं ते पुन्हा कधीतरी.

जरा थकले आहे. कामं तीच आहेत, पण हल्ली या घरात प्रत्येक गोष्ट दोनदा बोलावी लागते, त्यानेच जीव दमतो.

मुलांना आशीर्वाद.

तुमची
वहिनी


दि. २० फेब्रुवारी

प्रिय भावजींस,

अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र आणि पार्सल दोन्ही मिळालं. इतक्या तातडीने पाठवाल असं वाटलं नव्हतं. आवाजाच्या खोक्यात बसवायचे ते काचेचे व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून इतके जपून पाठवलेत, की मला ते उघडायलाच भीती वाटली. कोणता कुठे बसवायचा त्याची आकृतीही छान काढली आहे. वरचा पत्ता तुमच्या हातचा. यांनी तो निरखून पाहिला.

"दुकानातून मागवलेस?" म्हणाले.

"हो," म्हटलं. दुकानातूनच आले ना, तुमच्या.

पार्सलचा कागद मी रद्दीत टाकायला घेतला तर यांनी तो हातातून काढून घेतला, पत्ता वर राहील अशी घडी घातली आणि खिशात ठेवला. अजून त्याच खिशात आहे. सदरा धुवायला टाकताना काढतात आणि दुसऱ्यात ठेवतात.

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ वाचून मी बराच वेळ बसून राहिले. "दादाला माझी गरज असती तर त्या दिवशी उंबऱ्यावर तो 'बरं' म्हणाला नसता." भावजी, आता मला लिहायलाच हवं. गेले काही दिवस मी देवासमोर बसते आणि जपाचा आकडा चुकतो. वहीतली बेरीज चुकली तर मी पुन्हा करते. एकदा बोलून गेलेलं मात्र पुन्हा नीट करता येत नाही.

कपाट बोलतं. पहिल्या दिवसापासून बोलतं आहे.

यांनी सगळं जोडून पहिल्यांदा सुई टेकवली ना, त्या क्षणी घरभर गाणं झालं. इतकं मोठ्यानं, की माझ्या हातातलं पातेलं सुटलं. मी हसतच बाहेर आले. हे स्क्रूड्रायव्हर हातात धरून तबकडीकडे बघत उभे होते. पाहुणा यायचा असला की आपण रस्त्याकडे बघतो, तसे. गाणं अर्धं झालं तरी तसेच. मग माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आवाज येत नाही ना?"

त्या 'ना'ने घात केला. नुसतं "आवाज येतो का?" विचारलं असतं तर मी खरं बोलले असते. पण तो 'ना' आणि वर यांचा तो चेहरा. मी म्हटलं, "नाही."

त्यानंतर रोज तेच. हे बटण शेवटपर्यंत पिळतात, घर दणाणतं, भांडी फळीवर थरथरतात, आणि मी कपाटासमोर उभी राहून मान हलवते, नाही हो, काहीच नाही. शिंपीणबाईंना मी जाऊन सांगितलं, कृपा करून यांच्यासमोर गाण्याचा विषय काढू नका. त्या म्हणाल्या, "अहो, विषय कशाला काढू, मला तर पाठ झालीत सगळी." हसावं की रडावं कळेना.

तुम्ही म्हणाल, इतकं झालं आणि तुम्हाला आधी कळलं नाही? नाही कळलं. तुम्ही मागांच्या खात्यात कधी गेला आहात का? मी एकदा डबा द्यायला गेले होते. तिथल्या खडखडाटात कोणाला काही ऐकू येत नाही, ओठ वाचतात. दोन रांगांपलीकडचा माणूस नुसतं तोंड हलवतो आणि हे इकडून हसतात. जन्म त्यात गेला. त्यामुळे समोर बसून बोललं की हे चटकन उत्तर देतात, कोणाला शंका येत नाही. यांना स्वतःलाही आली नाही. पाठीमागून बोललं, की मग "हल्ली लोक पुटपुटतात फार". मला तर रोज ऐकावं लागतं, "तोंड उघडून बोलायला काय पैसे पडतात का तुला?"

आता तुमच्या उंबऱ्यावर येते.

या घरात कोणी "जातो" म्हटलेलं तुमच्या दादांना खपत नाही. तुम्हाला मी काय सांगायचं. शाळेला निघताना तुम्ही एकदा "जातो" म्हणालात म्हणून तुम्हाला परत आत बोलावून, दप्तर काढायला लावून, पुन्हा निघायला लावलं होतं, हे सासूबाई शंभरदा सांगायच्या. "जातो म्हणू नये, येतो म्हणावं." दूधवाल्यालाही सोडत नाहीत. वीजबिलाचा माणूससुद्धा आता फाटकातूनच "येतो काका" म्हणतो.

त्या सकाळी तुम्ही बॅग घेऊन उंबऱ्यावर उभे होतात. आदल्या दिवशी सासूबाईंच्या शेवटच्या आजारावरून तुम्हा दोघांत नको ते बोलणं झालेलं. तुम्ही म्हणत होतात, आईला माझ्याकडच्या मोठ्या दवाखान्यात हलवायला हवी होती. हे म्हणत होते, तिला प्रवास झेपला नसता. दोघांचंही खरं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. हे तुमच्याकडे पाठ करून खाली वाकले होते, चपलांच्या फळीचा खिळा ठोकत होते. राग आला की यांना काहीतरी ठोकावं लागतं. तुम्ही म्हणालात, "जातो मी, दादा."

तुम्ही ते मुद्दाम म्हणालात. मला तेव्हाच कळलं. तुम्ही थांबलातही. टोकतील, निदान एवढ्याने तरी वळतील, म्हणून थांबलात. आणि यांनी मान न वळवता म्हटलं, "बरं."

इतकी वर्षं मीही हेच धरून चालले, की यांनी ऐकलं आणि जाऊ दिलं. मनातून मीही रागावले होते यांच्यावर. पण भावजी, हे यांच्या तोंडून कसं निघतं ते ऐका. दर काही दिवसांनी, जेवताना, कशाचा काही संबंध नसताना म्हणतात, "धाकटा येतो म्हणाला होता. आला नाही." मी समजत होते, टोमणा आहे. कपाट आणलं त्या दिवशीही म्हणाले, "पगाराच्या दिवशी धाकट्याला मी तिथे न्यायचो, नाणं त्याला टाकू द्यायचो. चहा गार करायचा, पण त्या कपाटासमोरून हलायचा नाही. येतो म्हणालाय ना, आला की लावू." मी म्हटलं, वय झालं, काहीतरी बोलतात.

यांना शब्द ऐकूच आला नव्हता. पाठीमागे काहीतरी आवाज झाला, धाकटा निघाला, म्हणजे येतोच म्हणाला असणार. या घरात दुसरं कोण काय म्हणेल? तुम्ही तिकडे 'बरं'ला धरून बसलात आणि हे इकडे न बोललेल्या 'येतो'ची वाट बघत बसले.

हे यांना कसं सांगू? सांगायचं तर आधी कानांचं सांगावं लागेल, आणि कानांचं सांगायचं तर माझं खोटं. आणि इथेच मी पार अडकले आहे. तुमचे व्हॉल्व्ह यांनी बसवले. घर पुन्हा दणाणलं. मी पुन्हा मान हलवली. यांनी स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला. खाली बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि म्हणाले, "कान-डोळे सगळ्यांचेच जातात. माझे हात गेले. नवा माल घातला तरी हातातून काम होत नाही, म्हणजे हात गेले." हत्यारांची पेटी त्याच दिवशी माळ्यावर टाकली. मला खाली उतरवूही देत नाहीत.

मी यांचे कान वाचवायला निघाले आणि हात घालवून बसले. असा व्यवहार मी आयुष्यात केला नव्हता.

पुढच्या शनिवारी भंगारवाला कपाट न्यायला येणार आहे. त्याच्या आत तुम्ही या. तुम्ही कारागीर आहात, तुम्ही म्हणालात की काम चोख झालंय, तर यांना पटेल. कानांचंही तुम्हीच हळू सांगा. माझ्यात आता बळ नाही. वेळ नाही असं म्हणायचं असेल तर म्हणा, पण 'बरं' म्हटलं होतं म्हणून येत नाही, असं आता म्हणू नका.

तुमची
दमलेली वहिनी


दि. १ मार्च

प्रिय भावजींस,

अनेक आशीर्वाद. तुमचं उत्तर अजून नाही. पत्र उशिरा पोचलं असेल किंवा तुम्ही विचारात असाल. काहीही असलं तरी त्यानंतर जे घडलं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिते.

भंगारवाला यायच्या आदल्या दिवशी यांनी कपाट पुसायला घेतलं. देताना स्वच्छ द्यावं म्हणाले. मग म्हणाले, "एकदा दिवे बघून घेऊ," आणि बटण दाबलं. दिवे लागले, तबकडी लागली, गाणं सुरू झालं. मी टेबलाशी महिन्याचा हिशेब लिहीत होते. मान वर केली नाही. सवय झाली होती.

हे फडकं झटकायला खिडकीशी गेले आणि तिथेच राहिले. समोर शिंपीणबाई मशीनवर कुणाचा तरी झगा शिवत होत्या. खिडकी त्या दिवशी उघडी होती. आणि त्या आपल्या नादात गात होत्या. मी त्यांना विषय काढू नका म्हटलं होतं, गाऊ नका म्हणायला विसरले होते.

हे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग कपाटाकडे आले, वाकून बटणाजवळची गाण्याच्या नावाची चिठ्ठी वाचली. पुन्हा खिडकीशी गेले. पुन्हा बघितलं. माझी लेखणी थांबली.

"अगं," म्हणाले, "शिंपीणबाई काय गातायत?"

मी म्हटलं, "तेच."

"तेच म्हणजे?"

"लागलंय तेच."

हे माझ्यासमोर येऊन बसले. खुर्ची अगदी पुढे ओढली, माझं तोंड दिसेल अशी.

"कधीपासून वाजतंय?"

"पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं आता आवाज चढेल. चढला नाही. यांनी आपले हात टेबलावर ठेवले, उलटेपालटे करून पाहिले. म्हणाले, "म्हणजे हात शाबूत आहेत."

"आहेत."

"आणि कान?"

मी वही मिटली. हे म्हणाले, "काय म्हणालीस? ऐकू आलं नाही."

मी काही बोललेच नव्हते. आणि यांना ते ठाऊक होतं. भावजी, अशा वेळी चेष्टा करणाऱ्या माणसाचं काय करावं? मी रडले आणि हसले, काय आधी आणि काय नंतर ते सांगता येणार नाही. हे उठून कपाटाकडे गेले आणि आवाजाचं बटण विचारत विचारत कमी करत आणलं. "आता?" "अजून मोठं आहे." "आता?" "जरा कमी." "आता?" "आता बरं." घरात कितीतरी दिवसांनी नीट गाणं लागलं. समोरून शिंपीणबाईंनी खिडकीतून हात वर केला.

मग म्हणाले, "आणखी काय काय ऐकलं नाही मी?"

बरंच काही असेल. पण मला एकच महत्त्वाचं होतं. मी समोर बसून, तोंड नीट उघडून, तुमची ती सकाळ सांगितली. तुम्ही काय म्हणालात, किती वेळ थांबलात, हे काय म्हणाले. यांनी मला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. मी म्हटला, "जातो." यांनी माझे ओठ पाहिले. मग खिशातून तुमच्या पार्सलचा कागद काढला, टेबलावर पसरला आणि तुमच्या अक्षरावरून बोट फिरवत बसले. रात्रीचं जेवण केलं नाही. मीही आग्रह केला नाही, मलाही जात नव्हतं.

भंगारवाला ठरल्याप्रमाणे आला. त्याला ते दगड झालेलं रबराचं चाक आणि कुरतडलेल्या वायरी मिळाल्या. कुरकुरत गेला. पण जाताना फाटकातून म्हणाला तेवढं मात्र बरोबर म्हणाला, त्यालाही यांनी कधीतरी शिकवलेलं असणार.

हत्यारांची पेटी खाली आली आहे. हे आता बाहेरचं दार दुरुस्त करत आहेत, ते कपाटामुळेच मोडलं हे मान्य करून. कानांच्या डॉक्टरांकडे सोमवारी जायचं आहे. यंत्र लावलं तर थोडंफार ऐकू येईल म्हणतात. आलं तर देवाची कृपा, नाही आलं तर ओठ आहेतच. मी फार थकले आहे, पण आज सकाळचा जप चुकला नाही.

हे पत्र लिहायला बसले तेव्हा यांना विचारलं, भावजींना काही लिहायचं आहे का. मला वाटलं, माफी म्हणतील किंवा यायला सांगतील. यांनी बिजागरीतला स्क्रू पूर्ण आवळला. मग माझ्याकडे वळले, अगदी समोर तोंड करून, आणि म्हणाले, "लिही."

मी लेखणी धरली.

"जातो म्हणू नये. येतो म्हणावं."

एवढंच. अक्षर माझं आहे, बोलणं दादांचं.

दाराजवळ वाट बघणारी,
तुमची वहिनी